विकला न गेलेला नांगर

आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी नांगर टेकून उभा आहे. आता आमच्या शेतात नांगरणीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो, त्यामुळे त्या नांगराला फारसे काम उरलेले नाही. कोंबड्या त्यावर चढून बसतात, आई कधीमधी त्यावर ओली पोती वाळत घालते. आजोबांनी तो विकत घेतला, बाबांनी तो चालवला, आणि मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलेही नाही. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. माझे लक्ष पुस्तकांकडे. गोठ्यातल्या लोखंडाकडे ते कशाला जाईल?

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्या नांगराजवळच बाबांचे आणि माझे भांडण झाले. एका कृषी प्रदर्शनात मी पेरणीचे एक नवे अवजार पाहून आलो होतो. दिसायला देखणे, चालवायला सोपे. ते आपण घ्यावे, असा हट्ट मी धरला. बाबांनी दोनच गोष्टी विचारल्या. ते मोडले तर दुरुस्त कोण करणार, आणि पावसाने दगा दिला तर त्याचे पैसे कोठून फेडायचे. मला उत्तर देता आले नाही, म्हणूनच मला राग आला. रागाच्या भरात मी त्यांना मागासलेले म्हटले. जुन्याला कवटाळून बसणाऱ्या माणसांमुळेच आपण मागे राहिलो, असेही बोलून गेलो. बाबा काही बोलले नाहीत. बैल सोडून पाण्यावर घेऊन गेले.

पुढे कॉलेज उघडले आणि ग्रंथालयात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र हाती लागले. किर्लोस्कर हे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? विहिरीवरच्या पंपावर ते आपण पाहिले आहे, इंजिनावर पाहिले आहे. एवढ्या मोठ्या उद्योगाचा जनक म्हणजे यशामागून यश मिळवणारा पुरुष असणार, अशा समजुतीने मी वाचायला बसलो. पण वाचता वाचता एका ठिकाणी थबकलो. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला, चांगला बनवला, आणि पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षे लागली! शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असे ते म्हणत.

चांगली वस्तू बाजारात पडून का राहते? या प्रश्नाचे उत्तर मी त्या चरित्रात शोधू लागलो, आणि शोधता शोधता आमच्या गोठ्यापर्यंत येऊन पोचलो. तेच आपल्यापुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. दोन गोष्टींचा मात्र नाद होता, एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रे खोलून पाहण्याचा. वडिलांची इच्छा नसताना, थोरले बंधू रामचंद्रराव ऊर्फ रामुअण्णा यांच्या पाठिंब्यावर, हा मुलगा मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेला. तेथे दोन वर्षांनी कळले की त्याला काही रंगांतला फरकच दिसत नाही. चित्रकाराला रंग दिसू नयेत, यापरते दुर्दैव कोणते! पण लक्ष्मणराव गावी परतले नाहीत. रंगांची गरज नसलेले यांत्रिक रेखाचित्रण त्यांनी आत्मसात केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. यंत्रांशी खरी ओळख तेथे झाली.

याच काळात बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. साल १८८८. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली विकत घेऊन पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा व्यवहार होता. एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये पडे. त्या काळचे हजार रुपये म्हणजे सामान्य माणसाची कित्येक वर्षांची कमाई. सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये आणखी वेगळे. तरीही सायकली खपत. हे वाचून मला प्रथम नवल वाटले. हजार रुपयांची परदेशी सायकल खपते, आणि देशी नांगर मात्र कोणी घेत नाही! पण थोडा विचार केल्यावर नवल ओसरले. सायकल घेणारा कोण? साहेब, वकील, सरकारी अंमलदार. त्याला महिन्याच्या महिन्याला पगार किंवा फी मिळणार. सायकल मोडली तर तो पायी किंवा टांग्याने कचेरीत जाईल. त्याच्या घरची चूल सायकलीवर पेटत नव्हती. नांगर घेणाऱ्याची चूल मात्र नांगरावरच पेटत होती.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी १८९७ साली नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. नोकरीतला अपमान गिळून पेन्शनीची वाट पाहणारे पुष्कळ असतात. हा माणूस वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी घरसंसार पाठीशी असताना पगार सोडून आला, ही गोष्ट नोकरीच्या आशेने शिकणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

बेळगावात भावांनी छोटासा कारखाना काढला. पहिले यंत्र बनवले ते कडबा कापण्याचे. त्यानंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी, लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर करायला घेतला. विलायती लोखंडी नांगर त्या वेळी आपल्याकडे येऊ लागले होते; तसाच नांगर आपल्या देशात, आपल्या कारागिरांच्या हातून का होऊ नये, हा त्यांचा विचार होता.

लोखंडी नांगराची थोरवी शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको, पण शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. लाकडी नांगर जमीन फाडतो, उलटत नाही. त्याचा तास वर रुंद आणि खाली अरुंद पडतो. दोन तासांच्या मधली माती न फुटता तशीच राहते, म्हणून आडवी नांगरट करावी लागते. लोखंडी नांगराला बाजूला वळलेला पत्रा असतो. फाळाने कापलेली माती त्या पत्र्यावर चढते आणि उलटी होऊन पडते. खालचे वर येते, वरचे खाली जाते. आपल्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी किती खोल मुळे धरतात, हे निंदणाऱ्या बायांना विचारावे. ती मुळे उन्हाळ्याच्या उन्हात उघडी पाडण्याची ताकद लाकडी नांगरात नाही, वखरात तर नाहीच. म्हणजे लक्ष्मणरावांचे अवजार खरोखरीच गुणी होते. त्यात खोट नव्हती.

मग ते खपले का नाही? चरित्रकार बहुधा एवढेच सांगून पुढे जातात की शेतकरी अडाणी आणि अंधश्रद्धाळू होते. उन्हाळ्यात मीही बाबांना तेच म्हटले होते! पण मला आता ते पटत नाही. मला जी कारणे वाटतात ती अशी.

पहिले कारण पैशाचे. लाकडी नांगर गावचा सुतार करी. बाभूळ आपल्याच धुऱ्यावरची. फाळ गावचा लोहार ठोकून देई. या दोघांची मजुरी वर्षाच्या शेवटी खळ्यावर धान्यात मोजायची, म्हणजे बलुत्यात. पीक आले तर द्यायचे, कमी आले तर कमी द्यायचे. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसा हवा, आणि तोही पेरणीच्या आधी, म्हणजे घरात पैसा सर्वांत कमी असतो त्या वेळी. रोख पैसा सावकाराखेरीज कोणाजवळ होता? तेव्हा नांगराची खरी किंमत म्हणजे नांगराची किंमत अधिक सावकाराचे व्याज.

दुसरे कारण दुरुस्तीचे. लाकडी नांगराचे दांडे मोडले तर सुतार त्याच दिवशी नवे बसवून देतो. ओतीव लोखंड तडकले तर गावच्या लोहाराला ते सांधता येत नाही. बेळगावहून भाग येईपर्यंत ओल निघून जाणार. शेतीत आठ दिवस चुकले तर वर्ष चुकते. बाबांनी मला विचारलेला प्रश्न नेमका हाच होता.

तिसरे कारण बैलांचे. लोखंडी नांगर जड, तो खोल जातो, म्हणून त्याला ओढही जास्त लागते. भारी जमिनीत एका जोडीवर भागत नाही. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याने शेजाऱ्याची जोडी मागून आणायची आणि त्याचे उपकार फेडत बसायचे.

आणि चौथे कारण त्या विषाचे. हा समज खोटा होता, यात शंका नाही. पण तो उगवला कोठून? खोल नांगरटीने वरची कसदार माती खाली जाते आणि खालची कच्ची माती वर येते. ती उन्हापावसात मुरेपर्यंत पहिल्या वर्षी पीक मार खाऊ शकते. ज्याने असे एखादे शेत पाहिले असेल, त्याने लोखंडाला दोष दिला असेल. त्याने पाहिले ते बरोबर होते, त्याने काढलेले कारण चुकीचे होते. पाहण्यात चूक न करता कारण काढण्यात चूक करणारे शिकलेल्या माणसांतही कमी नाहीत.

ही चारही कारणे मिळून एकच गोष्ट सांगतात. नवे अवजार फसले तर बनवणाऱ्याचे एक अवजार फसते. घेणाऱ्याचे मात्र वर्ष फसते. ज्याच्याजवळ दुसरे वर्ष काढण्याइतके धान्य नाही, त्याने नव्या वस्तूला भिणे हा अडाणीपणा नव्हे, तो हिशेब आहे. लक्ष्मणरावांचा नांगर जमिनीत उत्तम चालत होता, पण तो शेतकऱ्याच्या हिशेबात बसत नव्हता. म्हणून तो पडून राहिला.

लक्ष्मणरावांचे मोठेपण मला दिसते ते यापुढच्या काळात. दोन वर्षे माल पडून राहिल्यावर दुसऱ्या कोणी कारखाना बंद केला असता, किंवा या लोकांना काही कळत नाही असे म्हणून साहेबांना पुन्हा सायकली विकल्या असत्या. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याचा नाद सोडला नाही. पहिले नांगर हळूहळू शेतात गेले. एकाच्या शेतात चाललेला नांगर शेजारी बांधावर उभा राहून पाहतो, हीच आपल्याकडे खरी जाहिरात. नांगराची मागणी येऊ लागली.

पण संकटांचा फेरा संपला नव्हता. धंद्याला जरा बाळसे धरते न धरते तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. शहराच्या वाढीसाठी ती हवी होती. यंत्रसामग्री घेऊन कोठे जावे हे कळेना. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे घर! १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या माणसांसह तेथे आले. त्या माळावर कारखाना उभा राहिला, कामगारांची घरे उभी राहिली, आणि आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीचा जन्म झाला.

या वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगलेल्या, गुन्हेगार ठरलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वस्तीच्या राखणीचे काम दिले, आणि त्यांनी ते इमानाने केले. ज्यांच्यावर कोणी विश्वास टाकत नव्हते त्यांच्यावर यांनी विश्वास टाकला. मला वाटते, स्वतःच्या नांगरावर दोन वर्षे कोणी विश्वास ठेवला नव्हता, त्या अनुभवाने अविश्वासाचे दुःख त्यांना चांगलेच कळले असावे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती मालाची आवक अडली. कच्चे लोखंड आणि कोळसा मिळवताना कारखान्यालाही नाकी नऊ आले, पण नांगराची मागणी वाढली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. आणि त्याच साली आणखी एक गोष्ट घडली, जी मराठीच्या विद्यार्थ्याला विशेष जवळची आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक सुरू केले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवावी, हा त्याचा मूळ हेतू. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ झाले, त्याच्या जोडीला १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके आली, आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी ती वाचली. मराठी नियतकालिकांतील हे एक मानाचे घराणे शेतीच्या अवजारांच्या शेजारी जन्मले, हे आपल्या वाङ्मयाच्या तासाला मी ऐकले नव्हते. नांगर नुसता बनवून भागत नाही, घेणाऱ्याशी बोलावेही लागते, हा धडा त्या घराण्याने पुरता गिरवला होता.

या कथेचा एक धागा आपल्या वर्ध्यापर्यंत येतो. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरख्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. खेड्यातल्या बाईला आपल्या झोपडीत बसून फार न थकता तो आठ तास चालवता यावा. त्या आठ तासांत १६,००० वार सूत निघावे. तो वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा पाचांवर जाऊ नये. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही एक यंत्रचरखा तयार होऊन या परीक्षेला आला. तो अटींना उतरला नाही. दुसऱ्या कोणाचाही उतरला नाही, आणि लाखाचे बक्षीस तसेच राहिले.

मगनवाडीतल्या संग्रहालयात आपल्यापैकी पुष्कळजण सहलीला गेले असतील. मी मागच्या महिन्यात पुन्हा एकदा गेलो आणि या अटींचा विचार करीत हिंडलो. किंमत किती, चालवणाऱ्याचे बळ किती, टिकेल किती, दुरुस्तीला काय पडेल? नांगर घेताना शेतकऱ्याने मनातल्या मनात जे प्रश्न विचारले असतील, तेच या अटींत लिहून काढले होते. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांनी यंत्राकडे कारखान्याच्या दारातून न पाहता झोपडीच्या दारातून पाहिले होते. त्या परीक्षेत किर्लोस्करांसारखा निष्णात कारखाना नापास झाला, यात त्याची नामुष्की नाही. ती परीक्षाच तेवढी अवघड आहे. आजही तिच्यात उतरणारी अवजारे थोडीच.

लक्ष्मणरावांच्या उत्तरायुष्याचा पसारा मोठा आहे. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असे एकामागून एक यंत्र किर्लोस्करवाडीतून बाहेर पडले. हरिहर, बंगळूर, पुणे येथे नवे कारखाने निघाले; पुण्याचा इंजिनांचा आणि बंगळूरचा विजेच्या मोटारींचा कारखाना १९४६ सालचा. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आले आणि त्यांनी हा व्याप वाढवला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. हे सारे त्यांच्या यशाचे पुरावे आहेत आणि ते सर्वांना ठाऊक आहेत. माझ्या मनात मात्र राहिला तो बेळगावच्या कारखान्यात दोन वर्षे धूळ खात पडलेला नांगर.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा ते पुस्तक सोबत नेले होते. रात्री जेवणे झाल्यावर नांगराचा भाग बाबांना वाचून दाखवला. माफी मागण्याचे धैर्य झाले नाही, वाचण्याचे झाले. बाबा शांतपणे ऐकत होते. ती दोन वर्षे त्या माणसाने घर कसे चालवले, एवढेच त्यांनी विचारले. सायकलीचे दुकान होते, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी आजोबांची हकीकत सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. आजोबांनी आमचा नांगर घेतला तो एकदम घेतला नव्हता. तीन उन्हाळे ते दुसऱ्याच्या शेतात असा नांगर चालताना पाहत होते. त्याचा फाळ वर्ध्याच्या बाजारात सुटा मिळतो आणि तो बदलायला आपल्या गावच्या लोहाराला जमते, याची खात्री झाल्यावरच त्यांनी कापसाच्या पैशातून तो घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नांगर गोठ्यातून ओढून बाहेर काढला आणि विटकरीने त्याचा गंज घासला. कोणत्या कारखान्याचा आहे ते पाहावे असे मनात होते. अक्षरे झिजून गेली आहेत, काही लागले नाही. बाबा जवळ येऊन उभे राहिले. मी उन्हाळ्यात सांगितलेल्या त्या पेरणीच्या अवजाराचे सुटे भाग जवळपास कोठे मिळतात, याची आधी चौकशी करून ये, असे ते म्हणाले.

परीक्षा संपली की पहिले काम ते करायचे आहे.